शेवटचं कडवं : वामनदादा कर्डक यांचं गाणं आणि गाण्यातलं नाव



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘लोककवी वामनदादा कर्डक : जीवन आणि गाणं’ असा. विषय मोठा आहे. साठ वर्षं एक माणूस गात राहिला आणि लिहीत राहिला, त्याची हजारो गाणी आहेत. तासाभरात सगळं सांगायला गेलो तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून मी आज एकच धागा धरणार आहे. वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात बहुतेक वेळा त्यांचं स्वतःचं नाव येतं. ‘वामन’. एवढंच. ना आडनाव, ना पदवी. हे नाव तिथं का येतं, कुठून आलं, आणि आज ते गळून पडायला लागलंय त्यानं आपलं काय नुकसान होतंय, यावर मी बोलणार आहे. आधी शेवटाबद्दल बोलतो, म्हणजे मग बाकीचं गाणं नीट कळेल.

आपल्या मुलखातली जुनी रीत

हा विषय शेवगावात बोलायला मला विशेष आवडतंय, त्याला कारण आहे. गाण्याच्या किंवा ग्रंथाच्या शेवटी नाव घालायची रीत शिकायला आपल्याला लांब जावं लागत नाही. शेजारचा तालुका नेवासा. ज्ञानेश्वरी तिथं सांगितली गेली. प्रचलित पोथीच्या अगदी शेवटी काय आहे? शके १२१२ हे वर्ष आहे, टीका कुणी केली ते आहे, आणि ती लिहून कुणी घेतली त्या सच्चिदानंदबाबांचंही नाव आहे. म्हणजे बघा, काळ, कर्ता आणि लेखनिक, तिन्ही गोष्टी शेवटच्या ओवीत नोंदल्या गेल्या. ही शेवटची ओवी नसती तर सातशे वर्षांनंतर आपल्याला वाद घालायला केवढं रान मोकळं मिळालं असतं! (हशा)

गोदावरी ओलांडली की पैठण. नाथांच्या भारुडात जोगवा मागणारी बाई बोलते, जोशी बोलतो, महार बोलतो, विंचू चावलेला माणूस बोलतो. सोंगं सगळी दुसऱ्याची. पण शेवटी ‘एका जनार्दनी’ येतं आणि आपल्याला कळतं की हे सोंग कुणी घेतलं होतं. या शेवटच्या नावाला आपण मुद्रा म्हणतो, नाममुद्रा म्हणतो. नामदेवांची ‘नामा म्हणे’, तुकोबांची ‘तुका म्हणे’.

आता यातली एक मुद्रा जरा बाजूला काढून बघू. ‘चोखा म्हणे’. चौदाव्या शतकात एका महार माणसाचं नाव कोण लिहून ठेवणार होतं? राजाच्या दप्तरात ते येणार नव्हतं, देवळाच्या शिलालेखावर येणार नव्हतं. देवळाच्या आतच ज्याला जाता येत नव्हतं, त्याचं नाव भिंतीवर कसं येणार? त्याचं नाव राहिलं ते अभंगाच्या शेवटच्या चरणात. सोयराबाईंनी तर स्वतःची ओळख ‘चोख्याची महारी’ अशी करून दिली. इतर संतांना मुद्रा नसती तरी कदाचित त्यांची आठवण दुसऱ्या वाटेनं राहिली असती. चोखोबांना ती दुसरी वाटच नव्हती.

हीच रीत पुढं शाहिरांकडं आली. आपल्याच जिल्ह्यातले संगमनेरचे अनंत फंदी, १७४४ ते १८१९ हा त्यांचा काळ. तमाशात रमलेला हा माणूस अहिल्याबाई होळकरांच्या बोलण्यानं कीर्तनाकडं वळला, अशी कथा सांगितली जाते. फटका हा प्रकार त्यांच्या नावानं ओळखला जातो आणि फटक्यात ‘फंदी’ ही सही असते. होनाजी-बाळाच्या लावणीत दोन मित्रांची नावं जोडीनं येतात. जोतीराव फुल्यांनी अखंड रचले, त्यात ‘जोती म्हणे’ आहे. देवाबद्दलचा विचार बदलला, निर्मिक आला, पण सही करायची जागा तीच राहिली. पुढं अण्णा भाऊ साठ्यांच्या गाण्यातही त्यांचं नाव शेवटाला येतं.

या रीतीची दुसरी बाजूही याच जिल्ह्यात दिसते. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा. तमाशाच्या फडावर तिनं नाव गाजवलं. पठ्ठे बापूराव लिहीत होते, पवळा गात होती आणि नाचत होती. लावणीच्या शेवटी सही यायची ती बापूरावांची. गळा पवळाचा, घुंगरू पवळाचे, लोक जमायचे ते पवळासाठी. बापूरावांचं श्रेय मला कमी करायचं नाही, त्यांची रचना थोरच. पण गाण्यातलं नाव कुणाचं राहतं आणि कुणाचं विरून जातं, हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढं तो पुन्हा येणार आहे.

अंगठ्यापासून सहीपर्यंत

आता वामनदादांकडं येतो. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. सिन्नर म्हणजे आपल्या संगमनेरची शीव. वडील तबाजी, आई सईबाई. घरी गरिबी, जातीनं महार, शाळेचा प्रश्नच नव्हता. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी हा माणूस बरोबर पंचवीस वर्षांचा झाला. लहानपण गुरं राखण्यात आणि पडेल ते काम करण्यात गेलं. गावात तमाशा होता, जत्रा होती, भजन होतं, जात्यावरच्या ओव्या होत्या. हीच त्यांची शाळा.

पोटासाठी मुंबई गाठली. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले, मजुरी केली. तिथं घडलेला एक प्रसंग दादांनी स्वतः सांगून ठेवला आहे आणि दादांबद्दल बोलणारा प्रत्येक जण तो सांगतो. चाळीतल्या एकानं पत्र वाचून दाखवायला दिलं. दादांना वाचता येत नव्हतं. अंगानं उभा-आडवा जवान माणूस, आणि हातात कागद घेऊन गप्प उभा. ती लाज त्यांना लागली. मग चाळीतल्याच देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी अक्षरं गिरवून घेतली. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचायच्या, अडलं की विचारायचं, असं करत करत ते वाचायला शिकले.

हा प्रसंग साधारणपणे ‘जिद्द असली की सगळं जमतं’ या धड्यासाठी सांगतात. तो धडा वाईट नाही, पण मला त्यात दुसरंच काहीतरी महत्त्वाचं दिसतं. ज्या माणसाला ऐन तारुण्यात स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, अंगठा उठवावा लागला असता, त्यानं पुढं हजारो गाण्यांच्या शेवटी स्वतःचं नाव लिहिलं. चोखोबांनी ‘चोखा म्हणे’ म्हटलं, ते तोंडी म्हटलं. वामनदादा ‘वामन’ असं स्वतःच्या हातानं लिहीत होते. आपल्याकडं शेतकऱ्याला विचारा, सातबारावर नाव लागलं म्हणजे काय होतं. ज्याच्याकडं जमीनच नव्हती, त्याचा सातबारा म्हणजे हे शेवटचं कडवं होतं.

१९४३ साली मुंबईत नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिलं. समता सैनिक दलात ते काम करत होते. त्याच वर्षी ३ मे रोजी त्यांनी पहिलं गाणं लिहिलं. ते काय होतं? एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचं विडंबन. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मोठ्या कवीची सुरुवात मोठ्याच कवितेनं झाली असं आपल्याला उगाच वाटत असतं. चाळीतल्या पोरांना हसवायला लिहिलेलं गाणं होतं ते. लोक हसले, ‘अजून लिही’ म्हणाले, आणि गाडी सुरू झाली.

जलशाकडून एकट्या माणसाकडं

आंबेडकरी चळवळीत गाणं वामनदादांनी आणलं नाही. ते आधीपासून होतं. जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, पुढं सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले. त्याच वाटेनं १९३० च्या आसपास आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यात नाशिक जिल्ह्यातलेच भीमराव कर्डक आघाडीवर होते. आडनाव एक, माणसं दोन, यात पुष्कळांची गल्लत होते. आपल्या दहा सभा आणि एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब मानत, ही आठवण जलसेकर अभिमानानं सांगत.

जलसा म्हणजे काय? ती तमाशाचीच बांधणी. ढोलकी, तुणतुणं, सुरुवातीला गण, मग प्रश्नोत्तरं, मग वग. फक्त आतला माल बदलला. गणपतीच्या जागी वंदन दुसऱ्याला झालं, सोंगाड्या भटजीची आणि सावकाराची टर उडवायला लागला, मेलेलं जनावर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, हे वगातून सांगितलं जाऊ लागलं. त्याला दहा-बारा माणसांचा संच लागायचा. संच म्हटलं की गाडीभाडं, जेवणखाण, रुसवेफुगवे सगळं आलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. या दोन तारखांच्या मधे आणि नंतर काय झालं असेल याची कल्पना करा. ज्या लोकांनी जुने देव सोडले त्यांच्या घरात जुनी गाणीही बंद झाली. बारशाला काय म्हणायचं? लग्नात काय म्हणायचं? कुणी गेलं तर रात्रभर बसून काय गायचं? खंडोबाची, लक्ष्मीआईची गाणी आता म्हणायची नव्हती. गळा होता, रात्र होती, माणसं जमलेली होती आणि गाणं नव्हतं. ही पोकळी फार मोठी होती. जलशातला वग ती भरू शकत नव्हता, कारण वग चौकात चालतो, घरात चालत नाही. घरात म्हणता येईल असं गाणं पाहिजे होतं, एका माणसाला, एका पेटीवर, आणि पेटी नसली तर नुसत्या टाळीवर म्हणता येईल असं.

वामनदादांचं गाणं या जागी आलं. त्यांच्यासारखे आणखीही पुष्कळ होते, गायन पार्ट्या होत्या, कव्वालीचे सामने होते. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप असे दमदार गळे त्या काळानं दिले. पण दादा वेगळे ठरले ते त्यांच्या फिरण्यामुळं. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, आणि पायाखाली महाराष्ट्र. गावात आले की मुक्काम वस्तीत. ज्याच्या घरी उतरले त्याच्याच घरी संध्याकाळी नवं गाणं लिहायचं, रात्री तेच गायचं, आणि सकाळी घरातल्या शिकलेल्या पोरानं ते आपल्या वहीत उतरवून घ्यायचं. दादा पुढच्या गावाला गेले तरी गाणं त्या घरी राहायचं. त्यांची ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ ही पुस्तकं छापली गेली ती १९७० नंतर. तोवर तीसेक वर्षं त्यांचं गाणं या वह्यांवर जगलं.

त्यांनी चित्रपटासाठीही गाणी लिहिली, त्यातली काही गाजली. मनात आणलं असतं तर ते त्या वाटेनं गेले असते. ते गेले नाहीत, वस्तीतच राहिले.

जवळचं गाणं म्हणजे काय

दादांचं गाणं ऐकणाऱ्याला जवळचं वाटतं, असं आपण सगळेच म्हणतो. ते कसं वाटतं, हे थोडं उकलून बघू.

पहिली गोष्ट चालीची. सुरुवातीपासून दादांनी लोकांच्या कानात असलेल्या चाली उचलल्या. सिनेमाच्या, लावणीच्या, कव्वालीच्या, भजनाच्या. काही पंडितांना ही उसनवारी खटकते. पण जरा समोरच्या माणसाच्या जागी बसून बघा. चाल ओळखीची असली की दुसऱ्या कडव्यापासून तो स्वतःच गायला लागतो. शिकायचे असतात फक्त शब्द. ज्यांना वाचता येत नव्हतं अशा हजारो बायांना दादांची गाणी तोंडपाठ झाली ती अशी.

दुसरी गोष्ट ‘तू’ची. मराठीत आपण अहोजाहो कुणाला करतो? साहेबाला, पाहुण्याला, परक्याला. ‘तू’ कुणाला म्हणतो? आईला आणि विठोबाला. देशाची घटना लिहिणारा माणूस, जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला. भाषणात, लेखात त्यांना ‘बाबासाहेब’, ‘आपण’, ‘आपले’ असंच म्हणतात. दादांच्या गाण्यात मात्र थेट ‘भीमा’ आणि ‘तू’. या ‘तू’मध्ये अनादर नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही. वारकऱ्यांनी देवाशी जी बोली ठेवली होती, ती दादांनी एका हाडामांसाच्या माणसासाठी वापरली. त्याला देव न करता.

तिसरी गोष्ट घरच्या वस्तूंची. पाण्यावरचं त्यांचं एक गाणं घ्या. पाणी हा आपल्या चळवळीचा मूळ विषय, १९२७ चं महाड त्यासाठीच झालं. पण या गाण्यात तळं नाही, सत्याग्रह नाही, भाषण नाही. एक तहानलेला जीव एका बाईपुढं उभा आहे. हातात इवलंसं गाडगं. तो तिला ‘माय’ म्हणून हाक मारतो आणि थोडं पाणी मागतो. बस. आपल्याकडच्या, शेवगाव-पाथर्डीच्या माणसाला पाण्याची मागणी म्हणजे काय हे मी सांगायला नको. याच तालुक्यातली गावं नाथसागराच्या पाण्याखाली गेली आणि याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली जाते. त्या गाण्यात राग कुठं आहे, तर गाडग्याच्या आकारात आहे. मागणी एवढी लहान आणि तीही पुरी होत नाही! ऐकणाऱ्याला कुणी सांगत नाही की हा अन्याय आहे. त्याचं त्यालाच कळतं.

चौथी गोष्ट दुःखाची. दादांचा पहिला संसार तरुणपणीच मोडला. मीरा नावाची मुलगी होती, ती लहानपणीच गेली. पुढं शांताबाईंशी लग्न झालं आणि त्यांनी दादांचा फिरस्तीचा संसार सांभाळला. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ या आत्मचरित्रात दादांनी हे सारं लपवलेलं नाही. पण मंचावर त्यांनी स्वतःच्या दुःखाचं भांडवल केलं नाही. त्यांच्या गाण्यातला ‘मी’ बहुतेक वेळा ‘आम्ही’मधला एक असतो. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावं घेऊन ‘आमचा वाटा कुठं आहे’ असं विचारणारं गाणं आहे, ते ‘आमचा’ आहे. धन कुणाच्या घामातून साठलं याचा हिशोब मागणारं गाणं लोक टाळ्या वाजवत, हसत म्हणतात. अर्थशास्त्राचा एवढा अवघड प्रश्न बाजाराच्या हिशोबाच्या भाषेत त्यांनी आणून ठेवला.

शेवटच्या कडव्यात काय घडतं

आता मूळ मुद्द्यावर येतो. नाव शेवटी येतं ते फक्त सहीपुरतं येत नाही. ते तिथं काम करतं.

तुम्हा सर्वांना माहीत असलेलं एक गाणं आहे, गझलेच्या अंगानं जाणारं. भीमा, तुझ्या विचाराची मोजकी माणसं जरी असती तरी चित्र वेगळं दिसलं असतं, असा त्याचा आशय आहे. बाबासाहेबांच्या पश्चात पक्ष फुटला, गट झाले, पुढारी आपापल्या वाटेला गेले, त्या दिवसांचं दुःख त्यात आहे. जयंतीच्या मंचावर हे गाणं लागलं की टाळ्या पडतात. प्रत्येक गटाच्या मंचावर पडतात! (हशा) कारण प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्या गटाबद्दल चाललंय.

दादांना हे कळत असणार. म्हणून शेवटाला काय केलं? त्यांनी स्वतःचं नाव घेतलं आणि ते ठेवलं स्वार्थानं आंधळ्या झालेल्यांच्या रांगेत. वामनसकट सगळे तसेच, असा तो भाव. आता ऐकणाऱ्याची पंचाईत होते. ज्यानं उभा जन्म वस्त्यांतून फिरण्यात घालवला, ज्यानं पैसा जोडला नाही, तोच जर स्वतःला या रांगेत उभा करत असेल तर आपण रांगेबाहेर कसे राहणार? इतका वेळ बोट दुसऱ्याकडं होतं, शेवटच्या कडव्यात ते वळलं. आणि ते ओरडून वळवलेलं नाही. आधी स्वतःकडं वळवलं, मग आपोआप आपल्याकडं आलं.

हेच कडवं काढून टाका. गाणं सुरेल राहील, चाल तीच राहील, टाळ्याही तेवढ्याच पडतील. पण ते दुसऱ्यांना शिव्या देणारं गाणं होईल. म्हणून मी म्हणतो, दादांच्या गाण्याचं जवळपण शेवटच्या कडव्यात आहे. तिथं गाणारा मंचावरून उतरतो आणि आपल्या शेजारी, सतरंजीवर येऊन बसतो.

गझलेत शेवटच्या शेरात शायर आपलं नाव गुंफतो, त्याला मक्ता म्हणतात. उर्दू मुशायऱ्याचा आणि कव्वालीचा वारा मुंबईच्या चाळींतून वाहत होता, तो दादांना लागला. इकडून तुकोबांची मुद्रा, तिकडून गझलेचा मक्ता. दोन्ही वाटा त्यांच्या एका ‘वामन’मध्ये येऊन मिळतात.

नाव कसं गळतं

मग आज काय होतंय? तीन-चार गोष्टी एकदम होतायत.

वेळ कमी. कार्यक्रमात गायकाला दहा गाणी म्हणायची असतात, तो दोन कडवी घेतो आणि पुढं जातो. गाणं तोडायचं झालं तर शेपटाकडून तोडतात, आणि नाव नेमकं शेपटाला असतं. १९८० नंतर कॅसेट आल्या, गाणी घरोघर पोचली, हे फार मोठं काम झालं, ते नाकारायचं नाही. पण वेष्टणावर गायकाचा फोटो मोठा आणि गीतकाराचं नाव बारीक, कधी तेही नाही. आता मोबाइलवर तीस सेकंदांचा तुकडा येतो. त्या तुकड्यात शेवटचं कडवं येणार कसं? आणि जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेबद्दल मी काही बोलत नाही, तिथं पहिलं कडवंसुद्धा ऐकू येत नाही. (हशा, टाळ्या)

नाव गळालं की पुढची पायरी ठरलेली. गाणं ‘पारंपरिक’ होतं, ‘लोकगीत’ होतं. आपल्याला वाटतं हा मान आहे. लोकांनी गाणं आपलंसं केलं! अर्धं खरं आहे ते. पण जरा विचार करा, कुणाची गाणी लवकर पारंपरिक होतात? छापील पुस्तक, रेडिओची नोंद, करारपत्र ज्याच्यापाशी असतं त्याचं नाव राहतं. वहीवर आणि तोंडावर जगणाऱ्याचं जातं. पवळाचं उदाहरण मी मघाशी दिलं ते यासाठी.

आणि आपल्या आयाबायांचं काय? जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या ज्यांनी रचल्या, त्यांच्या ओवीत तर बहुधा मुद्राच नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. ओवीत नाव नव्हतं ते त्यांनी बाहेरून जोडलं. पोथीच्या शेवटी सच्चिदानंदबाबांचं नाव आहे ना, त्याच जातीचं हे काम आहे.

निराश व्हायचं कारण नाही. नदीपलीकडं छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात हातात एकतारी घेऊन भीमगीतं गातात. संच नाही, बत्त्या नाहीत, एक बाई आणि एक तार. त्याच मोबाइलनं त्यांचा आवाज घरोघर नेला. जलशाच्या बारा माणसांतून जे गाणं एका माणसावर आलं होतं, ते अजून चालू आहे, आणि ते आता बाईच्या गळ्यात आहे. यंत्र वाईट नाही. आपण काय तोडतो आणि काय ठेवतो, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या हातात काय आहे

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्याच्या आधी, १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं होतं. अक्षरं गिरवत मोठा झालेला माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, हे त्यांना जिवंतपणी बघायला मिळालं याचं समाधान वाटतं. २०२२ मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली. पण गौरव सोहळ्यांपेक्षा मला काळजी आहे ती वह्यांची.

त्या वह्या अजून आहेत. लोखंडी पेटीत, माळ्यावर, भिंतीतल्या फडताळात, बाबासाहेबांच्या फोटोमागं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शाळकरी पोरानं निळ्या शाईनं उतरवलेली गाणी. ते पोर आता म्हातारं झालंय. कुठं वाळवी लागली, कुठं रद्दीत गेली. सभागृहातल्या किती जणांच्या घरी अशी वही असेल? हात वर करू नका, घरी जाऊन शोधा.

सापडली तर तीन कामं करा. पहिलं, तिचं पान न् पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कोरी पानंसुद्धा. शुद्धलेखन सुधारू नका, शाईचा डाग पुसू नका. दुसरं, वही कुणाच्या हातची आहे ते लिहा. गाणं कुणाच्या तोंडून, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली उतरवलं, कोणत्या चालीवर म्हणायचे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. चाल कागदावर राहत नाही. त्याच्याकडून गाऊन घ्या आणि ते रेकॉर्ड करा. तिसरं, एकाच गाण्याची दोन वह्यांत दोन रूपं सापडली तर भांडू नका, दोन्ही ठेवा. दादा गावागावाला गाणं बदलत असतील, तर तोही इतिहासच आहे.

आणि गाणाऱ्या मंडळींना, इथं काही तरुण गायक बसलेत, त्यांना एक विनंती. वेळ कमी पडला तर मधलं कडवं सोडा. शेवटचं सोडू नका. वामनदादांचं असेल तर वामन म्हणा, दुसऱ्या कुणाचं असेल तर त्याचं नाव घ्या. गाणं सुरू करण्याआधी गीतकाराचं नाव सांगायला पाच सेकंद लागतात. बाईनं रचलेलं असेल तर तिचं नाव दोनदा सांगा, कारण तिच्या वाट्याला मुद्रा कमी आल्यात.

येत्या १४ एप्रिलला शेवगावातल्या मंचावर एवढं जरी झालं, तरी आजचं बोलणं कामी आलं असं मी समजेन. वह्यांबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर मी खाली थांबतोच आहे.

जय भीम.